अप्पा लढाईत नव्हते

रागाच्या भरात मी मेघाला, माझ्या बायकोला, पुष्कळ काही बोलून गेलोय. नको नको तेसुद्धा. पण ही एक गोष्ट कधी तोंडातून निसटली नाही. एकदा तिच्यासमोर सुरुवात केली होती — आणि विषय गिझरच्या दुरुस्तीवर नेला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. आता लिहायला बसलोय तर तेही काही खरं दिसत नाही.

कुठून सुरू करू? सिनेमापासून करतो. तिथून सुरू केलं की माझं कृत्य जरा लांब राहतं. थोडा वेळ तरी.

मी बेळगावचा. नोकरीसाठी बेंगळुरात आलो आणि मारतहळ्ळीच्या एका सोसायटीत राहिलो. इथे मराठी घरं बरीच आहेत — पुण्याची, मुंबईची, नागपूरची, सगळी आयटीतली. त्यांतल्या केतकी नावाच्या पुणेकर मुलीनं एक टूम काढली. रविवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये जुने युद्धपट बघायचे. परदेशी, काळे-पांढरे, आपले आजोबा लहान असतानाचे. अट एकच: कुणी तो आधी पाहिलेला नसावा, त्याविषयी काही वाचलेलं नसावं. कोऱ्या मनानं बघायचं, मग खुर्च्या गोल मांडायच्या आणि प्रत्येकानं आपल्याला काय वाटलं ते सांगायचं.

मला त्या गोलाची धास्ती वाटायची. मी बोलायला लागलो की वाक्याच्या शेवटी बेळगावचा 'की' येतो आणि समोरचे गालातल्या गालात हसतात. वाईट हेतूनं नाही हो. पण हसतात.

पहिला सिनेमा लागला तेव्हा आम्हाला तो कसा बघावा हेच कळेना. हिरोच्या भुवया कोरलेल्या, गालांवर पावडर, आणि खंदकात राहूनही केसांचा भांग जागेवर. माणसं गोळी लागल्यावरसुद्धा तोंडातलं वाक्य पुरं करूनच मरत होती. कुणीतरी म्हणालं, स्पीड वाढव गं, दीडपटीवर लाव. केतकीनं ऐकलं नाही हे बरं झालं, कारण पुढे त्या सिनेमात बराच वेळ काही घडतच नव्हतं. नुसती बसलेली माणसं. एक थोराड शिपाई एका कोवळ्या पोराला बुटाच्या वर पायाला पट्टी कशी गुंडाळायची ते शिकवत होता. पोराची पट्टी सारखी सुटत होती. आणि मग शेवटाकडे ते पोर त्या थोराड माणसाच्या पायाची पट्टी सोडवत बसतं — जखम कुठे आहे ते बघायला. घाई नाही, संगीत नाही. मी बाहीला डोळे पुसले. नेमकं तेव्हाच मागून कुणी म्हणालं, 'भुवया बघा, अजून शाबूत!' सगळे खो खो हसले.

गोलात माझी पाळी आली. मला रडू आलं, एवढंच मला सांगायचं होतं. तेवढं सांगितलं असतं तर? पण माझ्याआधी सगळे कॅमेरा अँगल, मेलोड्रामा, प्रोपगंडा असलं काय काय बोलून गेले होते. त्यांच्यापुढे 'मला रडू आलं' हे फार केविलवाणं वाटलं. आणि त्यांच्या हसण्याचा रागही आला होता. मी म्हणालो, "माझे वडील लढाईत होते. ते सांगायचे, तिथं असंच असतं."

सगळे एकदम गप्प झाले. काय सांगू तुम्हाला — ती शांतता मला आवडली.

माझे वडील लढाईत नव्हते. अप्पा बेळगावच्या खडेबाजारात एका कापडदुकानात नोकर होते. उभी हयात त्यांनी ठाणं उलगडली, कापड मोजलं, फाडलं, पुन्हा घड्या घातल्या. आसपासच्या गावांतली माणसं लग्नाचा बस्ता बांधायला आली की अप्पांनाच हुडकायची. कुणाच्या थोरलीला कुठला शालू घेतला, धाकटीच्या वेळी विहीणबाई कुठल्या लुगड्यावरून रुसल्या, सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. रस्त्यात बाई भेटली की ते आधी साडी ओळखायचे, मग बाई. आई त्यावरून त्यांची फार चेष्टा करायची. अप्पांच्या स्मरणशक्तीचं हे मी मुद्दाम सांगून ठेवतोय.

बेंगळुरात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. वडील काय करायचे असं विचारलंच तर 'रिटायर झाले' म्हणून मोकळा व्हायचो. लाज वाटायची. झालं, आता लिहिलं.

पुढच्या रविवारी सगळ्यांत शेवटी मला बोलू दिलं. म्हणजे मान म्हणून. अजून काय सांगायचे रे तुझे बाबा? मग मी तयारी करायला लागलो. रविवारचा सिनेमा आधीच ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर बघायचो — आमच्या रिंग रोडच्या ट्रॅफिकची कृपा, अख्खा बघून व्हायचा — आणि त्याला जुळेल अशी अप्पांची आठवण रचायचो. अप्पांच्या पायाचं बोट मी बर्फात बधिर केलं. त्यांना गोकाकचा एक मित्र दिला आणि पाणी मागता मागता त्याला मारूनही टाकलं. केतकी डोळे पुसायची. भुवयांवर विनोद करणारा पोरगा मला 'सर' म्हणायला लागला. कुठली लढाई, कुठल्या सालची, हे कुणी खोदून विचारलं नाही. मीही मोघमच ठेवलं. बाकीचे खरोखरच सगळं पहिल्यांदा बघत होते. त्या खोलीत कोरं मन नसलेला मी एकटाच होतो.

तुम्ही म्हणाल, एवढंच? थापा कोण मारत नाही? एवढंच असतं तर मेघाला हसत हसत सांगून टाकलं असतं.

आई गेली. बेळगावचं घर बंद करून अप्पा आमच्याकडे राहायला आले. त्यांचं इथे कसं निभेल याची मेघाला काळजी, तर ते आठवड्याभरात रुळले. कन्नड त्यांना उत्तम येतं. गेटबाहेरच्या भाजीवाल्या अक्काशी त्यांची गट्टी जमली, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाऊन बसायला लागले. सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायचे ते तासाभरानं कोथिंबीर आणि चार बातम्या घेऊन परतायचे. आईच्या जाण्यानंतर त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळलेला दिसत होता. मी मात्र रोज मरत होतो. आज कुणी विचारेल, उद्या कुणी विचारेल.

एका संध्याकाळी आम्ही दोघं खाली बाकावर बसलो होतो आणि केतकी आली. "काका, तुमच्याबद्दल केवढं ऐकलंय! यू आर अवर हिरो!" अप्पा खूश झाले. त्यांना वाटलं, पोरानं दुकानातले किस्से सांगितले असतील. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, अप्पा, तुमची गोळी राहिली बघा, वर जा. ते उठून गेले. लिफ्टचं दार मिटेपर्यंत मी थांबलो. मग केतकीला हळू आवाजात सांगितलं:

"अप्पांना हल्ली काही आठवत नाही गं. लढाईचं तर सगळं पुसलंच गेलंय. आपण कापडाच्या दुकानात नोकर होतो असं समजतात. तसं काही म्हणाले तर दुखवू नका, हो ला हो म्हणा."

हे ते. हेच सांगायचं होतं.

घाबरून ऐनवेळी बोलून गेलो, असंही म्हणता येत नाही. अप्पा येणार हे ठरलं त्या दिवसापासून मी ते वाक्य घोळवत होतो. कुठे दम घ्यायचा, कुठे आवाज उतरवायचा, सगळं.

पुढच्या रविवारी केतकी स्वतः वर येऊन अप्पांना क्लबहाऊसमध्ये घेऊन गेली. सिनेमा संपल्यावर कुणीतरी विचारलं, काका, हे बघून काही आठवतं का? अप्पा गोंधळले. "मी कुठला शिपाई? मी दुकानात होतो की, खडेबाजारात." सगळ्यांनी मान डोलावली. केतकीनं त्यांचा हात हातात घेतला, "हो काका, हो, दुकानात," — लहान मुलाशी बोलतात तशा सुरात. अप्पा एकेकाचं तोंड बघत राहिले. ज्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाचा सूर ओळखला, त्यांना तो सूर कळला नसेल? पण तो का लागलाय, हे त्यांना कसं कळावं?

सोसायटीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? लोक त्यांच्याशी मोठ्यानं, तोडून तोडून बोलायला लागले. मुलं विचारायची, आजोबा, आज कुठला वार? अप्पा बरोबर सांगायचे आणि मुलं टाळ्या पिटायची. मग गेटवरच्या वॉचमनला सूचना गेली. मी दिली नव्हती, कुणीतरी भल्या माणसानं दिली. अप्पा पिशवी घेऊन निघाले की तो रायचूरकडचा पोरगा आडवा येऊन म्हणायचा, "अज्जा, ओळगे होगरी." आत जा. अप्पा रिकामी पिशवी घेऊन वर यायचे. पहिल्यांदा हसले होते. "मी वाट चुकेन म्हणतात रे ते!" नंतर पिशवी खुंटीलाच राहिली.

मेघा विमानतळावर नोकरीला, रविवारी तिची हमखास ड्युटी. लढाईचं तिच्या कानावर गेलंच नाही. डोकं फिरलेल्या माणसाच्या घरच्यांशी लोक फार खोलात शिरून बोलत नाहीत — त्याचाही मी फायदा उठवला. एवढंच तिला कळलं की शेजारीपाजारी अप्पांच्या विसराळूपणाबद्दल बोलतात. ती म्हणाली, आपण त्यांना डॉक्टरकडे दाखवू या. मी आज रिलीज आहे, उद्या मीटिंग आहे, असं करत ते ढकलत राहिलो. अप्पा तपासणीत नापास होतील ही भीती नव्हती मला. पास होतील, ही होती.

एक दिवस त्यांच्याकडून दूध उतू गेलं. कुणाकडून जात नाही? मेघाकडून जातं, माझ्याकडून जातं. त्यांनी ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि माझ्यासमोर येऊन बसले. मी लॅपटॉपवर येत्या रविवारचा सिनेमा बघत होतो. ते म्हणाले, "राजू, खरं सांग. मी विसरतोय काय रे?"

देवानं एवढी संधी दिली होती. त्यांचे डोळे स्वच्छ होते हो. एक 'नाही' म्हणायचं होतं, आणि मग जे काय व्हायचं ते झालं असतं — छी थू झाली असती, सोसायटी सोडावी लागली असती. जीव तर गेला नसता? मी सिनेमा थांबवला आणि म्हणालो, "थोडंसं. वयानं होतंच की, अप्पा."

"सरी, बरं," म्हणाले. आणि उठून गेले.

त्यानंतर ते खरोखरच बदलले. दाराची कडी दोनदोनदा बघायला लागले. काही सांगायच्या आधी माझ्याकडे बघायचे, बरोबर असेल ना अशा नजरेनं. मेघानं एकदा सहज विचारलं, तुमच्या लग्नात आईंची साडी कुठल्या रंगाची होती? अप्पांनी तोंड उघडलं, मग मिटलं. "असेल कसली तरी. माझं काय खरं नाही आता." तो रंग त्यांना नक्की आठवत होता. माझी खात्री आहे. फक्त तो खरा आहे असं म्हणायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. ती मी काढून घेतली होती.

सिनेमांची ती माळ संपली त्या रविवारी केतकीनं अप्पांचा सत्कार ठेवला. मला थांबवता आलं असतं. आजारी आहेत म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण सत्काराला मीही 'चिरंजीव' म्हणून पुढच्या रांगेत बसणार होतो. अप्पांना मीच कपडे काढून दिले, मीच खाली नेलं. नारळ दिला, हार घातला, मी सांगितलेल्या लढाईच्या आठवणी पुन्हा सगळ्यांना ऐकवल्या आणि केतकीनं माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. दोन शब्द, काका.

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मग माइकमध्ये म्हणाले, "लढाईत होतो. काय काय झालं ते आता ध्यानात नाही. पोरगा सांगतोय ते खरं."

सगळे उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मीही उभा राहून वाजवत होतो.

त्यांना ते खरंच पटलं होतं? की सगळं उमगून त्यांनी चार लोकांत मला झाकलं? मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. यांतलं कुठलं उत्तर मला झेपेल तेही कळत नाही.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. नारळ त्यांच्या हातातून घेऊन मी आमच्या मजल्याचं बटण दाबलं. अप्पांनी आरशात बघत गळ्यातला हार काढला आणि मला विचारलं, "बरोबर बोललो काय रे?"

मी म्हणालो, "होय, अप्पा."