बिरडं पाहुण्यांना, आईला नुसता भात

परत तेच! "मला एकटीला कशाला भाजी?" हे मी किती वर्षं ऐकायचं?

मी सुरतेत कामाला, आई नागावला एकटी. आज दुपारी व्हिडिओ कॉल केला, तर तिच्या ताटात नुसता भात आणि मीठ-मिरची. सकाळच्या कॉलवर तर मोड आलेले वाल सोलत होती.

"त्या वालांचं बिरडं कुठाय?"

"होमस्टेवाल्यांना विकलं. पाहुण्यांना गावचं साधं जेवण लागतं, बाबा."

"आणि तुला?"

"मला काय झालंय? धडधाकट हाय मी."

गेल्या आठवड्यात चक्कर येऊन पडली, ते शेजारच्या काकीने सांगितलं.

तुमची आई एकटी असली की काय जेवते, विचारलंय कधी?

आई, रोज वाटीभर वाल विकायचे नाहीत, शिजवून खायचे. त्या वाटीभर वालांचे पैसे म्हणून पाठवतोय, पाचशे रुपये.