उजव्या पायाचा बैल

माझा डावा पाय मीच ट्रकखाली बोलावून घेतला. सत्तर सालच्या आगेमागे मी नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात होतो. ट्रक मागे घेताना पाठीमागे उभं राहून ड्रायव्हरला आवाज द्यायचा, हे माझं काम. माझा आवाज अमरावती रोड ओलांडून पलीकडे जायचा आणि त्याचा मला भारी गर्व. त्या दिवशी ट्रकवर माझाच दोस्त होता. "आन दे, आन दे, अजून आन दे!" मी ओरडत होतो आणि डोळे होते टपरीवरच्या कढईत, कारण तिथं भजी निघत होती. गोदामाच्या ओट्याची कड आणि मागचं चाक यांच्यामध्ये आपला पाय आहे, हे मला सगळ्यात शेवटी कळलं. दोस्ताची काही चूक नाही. मी आन दे म्हणालो, त्यानं आणलं.

दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला. घरी येऊन खाटेवर बसलो तो पाच-सहा महिने बसूनच राहिलो. बायको शेजारच्या गोदामात धान्य निवडायला जाऊ लागली आणि मी खाटेवरून तिला आवाज देऊ लागलो. पोळी जाड झाली, माठ रिकामा झाला. सवय कुठं जाते?

एक दिवस दुसरीतली लेक शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच म्हणाली, "बाबा, बाईनं सगळ्याईले विचारलं, कोणाचे बाबा काय करतात म्हणून."

"मंग तू काय सांगितलं?"

"सांगितलं, माहे बाबा बसून राहतात."

ती रुसली नव्हती, रडली नव्हती. खरं होतं ते सांगून मोकळी झाली होती.

दोस्त अपघातापासून आमच्या दारावरून मान खाली घालून जायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याला अडवलं.

"चोरावानी काहून जाऊन राहिला गा? माहं एक काम कर. बॉडीवाल्याकडून सागवानाचा चांगला तुकडा आन."

"काय करतं त्याचं?"

"पाय करतो."

"तो दवाखान्यात भेटते ना गा!"

"त्याले नंबर लावा लागते. मले आता चालाचं आहे."

वाडीत ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधणारे सुतार होते. सुतारकाम मला येत नव्हतं, पण त्या सुतारांना मी कित्येक वर्षं शहाणपण शिकवत आलो होतो. आता ते अंगाशी येणार होतं. दोस्तानं लाकूड आणलं, पटाशी, कानस, हातोडी आणली, आणि मी उरलेला पाय समोर पाटावर ठेवून हुबेहूब तसाच कोरायला बसलो. पोटरी, घोटा, टाच, नखं. करंगळी जन्माची वाकडी, तर तीही वाकडी केली. वरून पाय बसवायला खोल पोकळी पाडली. कोणी पाहू नये म्हणून काम झालं की त्यावर दुपट्टा टाकायचो. तीन आठवडे असे गेले.

मग एका सकाळी बायको, लेक आणि दोस्त यांना समोर उभं केलं, पट्टे आवळले आणि भिंतीला धरून उभा राहिलो. कोणी टाळी वाजवेना. बायको वाकली, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"अजी, दोन्ही अंगठे एकाच बाजूनं काहून जी?"

मी खाली पाहिलं. उजव्याकडे पाहून कोरलं की उजवाच होणार, ही गोष्ट तीन आठवड्यांत एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती.

"दोन्ही उजवेच आहेत गा!" दोस्त ओरडला आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून हसला. बायको तर पदर तोंडाशी धरून खालीच बसली. अपघातानंतर ती अशी हसली नव्हती, म्हणून मी गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तसाच उभा राहिलो. चालूनही दाखवलं. निघालो दाराकडे, पोचलो चुलीपाशी.

मी पट्टे सोडले तसा लेकीनं तो पाय जमिनीवर आडवा ठेवला, पाऊल वर करून. "बाबा, हा तं बैल दिसून राहिला!"

खरंच, पोटरीचं पोट झालं होतं आणि पावलाची मान. तान्हा पोळा दोन दिवसांवर होता. लाकडी बैल ओढत पोरं घरोघरी जातात आणि खाऊ मिळवतात, आणि आमच्या लेकीकडे बैल नव्हता. मी त्या पायाची लाकडी बोटं कापली, शिंगं ठोकली, खाली चार खुंट्या आणि चाकं लावली. मागची पोकळी बुजवायला वेळ उरला नाही. लेकीनं त्यात घरोघरी मिळालेल्या लिमलेटच्या गोळ्या भरल्या.

पोळ्याच्या दिवशी मी कुबड्यांवर लांब उभा होतो. रस्त्यात खड्डा आला, बैल उसळला आणि त्याच्या मागून गोळ्या पडल्या.

"ए, इचा बैल गोळ्या टाकून राहिला!" सगळी पोरं आपापले सजवलेले बैल टाकून आमच्या बैलाच्या मागे. मला वाटलं, आता वाडी सोडावी लागते. पण संध्याकाळी तीन पोरं आपल्या मायांना घेऊन दारात हजर. "आम्हाले असाच पायजे. मागून भोकवाला."

तेव्हापासून दर पोळ्याला मी मागून भोकवाले बैल करतो आणि बाकी वर्षभर पांगुळगाडे. लेकरांना चालायला शिकवायचं सामान मी करावं, यावर दोस्त अजून हसतो. ट्रक मागे घेताना मी तोंड उघडलं की मात्र तो काचेतून हात जोडतो.

मी दुसरा पायही केला. या वेळी समोर आरसा ठेवला, आणि तो बायकोनं धरला, कारण माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. डावाच झाला.

तो पाय लावून पहिल्यांदा गेलो ते लेकीच्या शाळेत. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती. मुलगी वर्गात काहीबाही सांगते, म्हणे बाबा आपल्या पायाचे बैल करतात आणि त्यांच्या मागून गोळ्या निघतात. मी पुराव्यादाखल बैल काखेत मारून नेला होता. बाईंनी तो उलटापालटा केला, जरा थांबून मागे बोटं घातली, एक गोळी काढली आणि तोंडात टाकली.

"बसा ना," त्या म्हणाल्या.

लेक माझ्याकडेच पाहत होती. म्हटलं, "राहू द्या बाई, उभाच बरा आहे."