इव्हन-टेम्पर्ड आणि बास्केटमधली पाती

बुटीबोरीतल्या आमच्या कारखान्यात डवऱ्याची, म्हणजे पिकातले तण काढणाऱ्या अवजाराची, पाती बनतात. इंजिनिअर म्हणून माझ्या पहिल्या वर्षाअखेर साहेबांनी मूल्यमापनात लिहिले, काम उत्तम, पण ‘इव्हन-टेम्पर्ड’, म्हणजे शांत डोक्याची, नाही. शिफ्टची जबाबदारी सहा महिन्यांनी पाहू. मला ती तेव्हाच हवी होती.

कारण उघड होते. पाती मोडत होती आणि भट्टीवरच्या काकांवर मी सर्वांदेखत ओरडले होते. तरी शब्दाला हरकत घ्यायची तर त्याचे कूळ माहीत हवे, म्हणून कोश उघडला. ‘टेम्पर’चे मूळ लॅटिन, अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे. जुने युरोपीय वैद्य मानत की शरीरातल्या चार द्रवांच्या मिश्रणावर स्वभाव ठरतो; मिश्रण समतोल, तर माणूस शांत. पोलादालाही तोच शब्द लागला. तेलात विझवलेले पाते कडक पण ठिसूळ असते. ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढणे म्हणजे टेम्परिंग. हा उत्तरार्ध मला पाठ होता. ‘इव्हन’ म्हणजे सर्वत्र सारखे, एवढ्यावर मात्र मी अडले. आमची पाती सर्वत्र सारखी तापत होती का, हे मी कधी मोजलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकांना त्यांची पद्धत विचारली. ते बास्केट ठासून भरत आणि मीटरवर ठरलेले तापमान दिसताच तास मोजायला लागत. पण मीटर भट्टीची हवा मोजतो. मधली पाती तेव्हा थंडच असतात, म्हणून ती ठिसूळच राहत.

“असं काहून करता, काका?”

“तुम्हीच लिहून देल्लं ना, मॅडम,” असे म्हणत त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवले. खाली सही माझी होती.

मी सर्वांदेखतच चूक कबूल केली, कोणत्या ओळीत काय चुकले तेही सांगितले. काका म्हणाले, “माफी मागून राहिल्या का तपासणी करून राहिल्या?” सगळे हसले. मीही.

नव्या कागदात बास्केट अर्धीच भरायची, तापमापक तार मधल्या पात्याला बांधायची आणि तास तिथून मोजायचा, असे लिहिले. त्या पद्धतीच्या पहिल्या घाण्यातली मधली आणि कडेची पाती कठीणपणात सारखी निघाली.

दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेले. चूक माझी, ओरडणेही माझे, हे सांगितले. जबाबदारी पुन्हा मागितली. ते म्हणाले, सहा महिने कायम. मी मान्य केले आणि पुढच्या मूल्यमापनाची तारीख त्यांच्याकडून तिथेच लिहून घेतली.