कोऱ्या पैशाची रिकामी डबी

जलंबला गाडी बदलून खामगावच्या छोट्या गाडीत बसलो आणि बायकोचा फोन आला. "पुन्हा पिशवीभर गंजकी नाणी आणलीत, तर दाराबाहेर ठेवीन!"

"या वेळी एकच आणणार," मी म्हणालो.

ते एक म्हणजे भोकाचा पैसा. इंग्रजी अमदानीच्या अखेरीस निघालेला, मधोमध मोठं भोक असलेला, तांबूस. झिजलेले पैसे पैशाला पासरी मिळतात. मला हवा होता टाकसाळीतून निघाला तसा, कोरा. खामगावच्या नाणेप्रदर्शनात तसा एक येणार अशी कुणकुण लागली होती, म्हणून पुण्याहून एवढी यातायात.

"मंगल कार्यालयात? लगन हाये का, काका?" रिक्षावाल्यानं विचारलं. नाण्यांचं प्रदर्शन म्हटल्यावर तो खो खो हसला. "नवे पैसे देऊन जुने घेता? मजा हाये बुवा तुमची!"

आत स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या तशाच होत्या, खाली टेबलांच्या रांगा. तिसऱ्याच टेबलावर तो दिसला. ग्रेडिंग केलेला, म्हणजे जाणकारांनी तपासून, गुणांची चिठ्ठी लावून, पारदर्शक डबीत कायमचा बंद केलेला. सत्तरपैकी सहासष्ट गुण! चेहरा मख्ख ठेवून मी निम्मी किंमत सांगितली. विक्रेते मनोजभाऊ नुसते हसले. मग मी पेठेतला डाव टाकला. पाठ फिरवून चालू लागायचं. मागून हाक येतेच.

हाक आली नाही.

म्हटलं, थोडं ताटकळू दे. बाहेर आलुबोंडा खाल्ला, वर तर्री (झणझणीत लाल रस्सा). डोळ्यांतून घळाघळा पाणी. दोन ग्लास ताक रिचवून परत येतो, तर डबी एका साठीच्या बाईंच्या हातात! मोताळ्याच्या कमलबाई. नातीसाठी चांदीचे वाळे घ्यायला आल्या होत्या. भोकाचा पैसाही हवा म्हणताच सराफानं त्यांना इकडं धाडलं होतं. घासाघीस न करता त्यांनी पैसे मोजलेसुद्धा.

"भाऊ, हे फोडाले काही देता का?" त्या मनोजभाऊंना म्हणाल्या.

"फोडायला?" मी जवळजवळ किंचाळलोच.

"मंग? नातीच्या करदोड्यात बांधाचा हाये. आमच्या घरी पयल्या लेकराले भोकाचा पैसा बांधतेत."

मी शेजारच्या परडीतले झिजलेले पैसे दाखवले. बाईंनी मान हलवली. "थे दुसऱ्याच्या लेकराच्या कमरेचे असतीन. थे लेकरू कसं होतं, काय मालूम? मले कोराच पाह्यजे."

मलाही कोराच हवा होता की! तरी दुप्पट किंमत देऊ केली. फोडल्यावर मोल जाईल, असं मनोजभाऊही म्हणाले.

"मले काय इकाचा हाये?" बाई म्हणाल्या आणि दगड शोधायला निघाल्या.

दगड! मग मात्र राहवलं नाही. मनोजभाऊंकडून पक्कड मागून घेतली आणि पैशाला ओरखडा येऊ नये म्हणून डबी मीच कडेकडेनं फोडली.

"इतके काऊन जपून राह्यले, भाऊ?" बाई हसल्या.

पैसा कडेला धरून रुमालात दिला. बाईंनी तो चिमटीत पकडून काळ्या करदोड्यात ओवला. बाहेर व्हरांड्यात सुनेच्या मांडीवर नात होती, बोळकं पसरून हसणारी. करदोडा बांधून होतो न होतो तोच तिनं पैसा मुठीत धरला आणि थेट तोंडात घातला. सहासष्ट गुणांच्या नाण्यावर लाळ! आईनं तो हळूच काढून घेतला आणि मी पोट धरून हसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हसू आवरेना.

निघताना कमलबाईंनी फुटकी डबी माझ्या हातात कोंबली. "घ्या भाऊ, तुमाले नंबर आवडते ना!"

घरी आल्यावर ती सांधून कपाटात मधोमध ठेवली. बायकोनं दाराबाहेर काही ठेवली नाही. उलट पुसून ठेवते.

पाहुणे विचारतात, "अहो, यातलं नाणं कुठाय?"

मी सांगतो, "मोताळ्याला. इतकी वर्षं रिकामटेकडं होतं, आता कामाला लागलंय."