कास्टिंगने ऐकलेला नावाडी

कास्टिंग समोरच्याचं बोलणं डोळे मिटून ऐकायचा. नवख्या माणसाला वाटायचं, याला झोप येतेय. बोळिंजच्या त्यांच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण पेटलं होतं, सेक्रेटरी काकू तारस्वरात ओरडत होत्या, आणि हा जिन्यात डोळे मिटून उभा. काकू दमल्यावर म्हणाला, "राणीची आई सापडली." काकूंना काय कळणार? आम्हाला कळलं.

कॉलेजपासून आम्ही चौघं एक गेम खेळत आलो होतो. त्यात एकाक्ष राणी होती, चिलखत घातलेलं अस्वल होतं आणि मेलेल्या माणसांना खाडीपार नेणारा म्हातारा नावाडी. या गेमवर सिनेमा येणार अशी बातमी आली आणि दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या सोसायटीच्या गच्चीवर आमचा एकच उद्योग सुरू झाला: मराठीत कोणाला कोणाचा आवाज द्यायचा. आम्ही बड्या नटांची नावं घ्यायचो, तो उडवून लावायचा. "त्याचा आवाज एसीत वाढलाय. नावाड्याला वारा लागलेला आवाज पाहिजे." म्हणून त्याचं नाव कास्टिंग. खऱ्या नावाने त्याला फक्त त्याची आई हाक मारायची.

माझा आवाज जाड. फोनवर लोक मला 'सर' म्हणतात. शाळेत मी प्रार्थनेला नुसते ओठ हलवायचे. कास्टिंगने पहिल्याच शनिवारी मला अस्वल दिलं. म्हणाला, "जाड नाही गं, भारदस्त आहे. खालून बोल, पोटातून." त्या गच्चीवर मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. त्याच्यावर माझा जीव होता तो यासाठी.

एकदा तो आगाशीला आमच्या घरी आला. पप्पा नुकतेच वाडीतून केळीचा घड घेऊन आले होते. "कोन रे तू? बस. पानी पी आधी," ते म्हणाले. कास्टिंगचे डोळे मिटले. पुढे तो दर रविवारी यायला लागला. पप्पांच्या मागे वाडीत हिंडायचा, त्यांना बोलतं करायचा. पप्पांना अप्रूप वाटायचं. बँकेत, दवाखान्यात ते जपून, कमी बोलत. याच्यापाशी मात्र घरची बोली मोकळी सुटायची. एक दिवस त्याने त्यांना नावाड्याचा प्रसंग समजावून सांगितला आणि विचारलं, "काका, तुम्ही त्या मेलेल्या माणसाला काय म्हणाल?"

पप्पांनी थोडा विचार केला. "घाबरू नको, बाबा. पानी सगल्यांना नेतं."

मग कास्टिंग म्हणाला, "काका, यातलं एक अक्षर बदलायचं नाही. हा माणूस हसवणारा नाही, धीर देणारा आहे."

पुढे त्याला अंधेरीत एका डबिंग स्टुडिओत काम मिळालं. रविवार सुटले, पण आम्हाला अभिमानच होता. सिनेमा मराठीत यायचं ठरलं तेव्हा त्याचा फोन आला: "नावाडी मीच करतोय. काकांच्या बोलीत! त्यांना घेऊन ये." पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. शेजाऱ्यांना सांगून आले, आपली बोली सिनेमात येतेय.

विरारच्या त्या थिएटरात नावाडी पडद्यावर आला आणि त्याने तोंड उघडताच लोक हसले. "पाऽऽनी" असं लांबवून, हेल काढून, नाकातून. होडीत चढताना घसरला, "मेलो गं बाय" म्हणून किंचाळला. पप्पांचं वाक्यही होतं. ते म्हणून झाल्यावर नावाडी ढेकर देत होता. पप्पा पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हसले. मग हसायचे थांबले. मागच्या रांगेतली मुलं "सगल्यांना, सगल्यांना" करत राहिली.

बाहेर कास्टिंग उभा होता. "काका, कसं वाटलं?"

"आवाज छान लागला तुझा," पप्पा म्हणाले आणि रिक्षा बघायला पुढे गेले.

मी विचारलं, "धीर देणारा होता ना तो?"

"अगं, मी सांगून पाहिलं. स्टुडिओवाले म्हणाले, गावठी बोलतोय तर हशा पाहिजे. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने केलंच असतं."

"दुसऱ्याला पप्पा कुठे भेटले असते?"

मी पप्पांच्या मागे रिक्षाकडे गेले. परक्या माणसाने केलं असतं तर मी भांडले असते.

नावाडी लोकांना आवडला. काही महिन्यांनी दुसरा भाग ठरला आणि मला कास्टिंगचा फोन आला. आधी त्याने माझ्या आईची चौकशी केली, मग म्हणाला, "काकांना जरा दे ना. तसे अजून चार-पाच शब्द हवेत."

मी काही म्हणायच्या आत पप्पांनी हात पुढे केला. फोन कानाला लावून त्यांनी त्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग दवाखान्यात बोलतात तशा सांभाळलेल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाले,

"माफ करा. आमच्या घरी तसं कोणी बोलत नाही."