चूल नसलेलं घर

माझी आत्या रागावली की मराठीवर येते. एरवी घरात, शेतात, बायांमध्ये ती कोलामीच बोलते, पण कोणाची खरडपट्टी काढायची असली की तिला वऱ्हाडी लागते. तिचं म्हणणं असं की कोलामीत बोललेलं पितरांना ऐकू जातं, उगाच त्यांचे कान कशाला विटाळायचे. माझ्याशी तिचं जे काही महत्त्वाचं बोलणं झालं ते सगळं वऱ्हाडीतच झालं, हे आधीच सांगून ठेवते.

मी नर्स होते. राळेगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात अर्धं आयुष्य गेलं. निवृत्त झाले आणि झरी जामणीतल्या आमच्या पोडावर, म्हणजे आम्हा कोलामांच्या वस्तीवर, काही दिवस विसाव्याला आले. पुढे यवतमाळला एखादं छोटं घर घ्यायचं, नळाचं पाणी, टीव्ही, आराम, असा बेत होता. पण आल्या आल्या आत्याच्या छातीला कान लावला आणि बेत तिथेच मोडला.

आत्या पितरांना बोलावते. ज्याचं मन ठिकाणावर नाही, घरातलं माणूस गेल्यावर ज्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही, अशा माणसाला ती समोर बसवते, त्याच्या गेलेल्या माणसांची नावं विचारते आणि मग त्याच्या कुळाला हाक घालते. ही हाक एका दमात घालावी लागते. मध्ये श्वास तुटला तर पितर अर्ध्या वाटेवरून परत फिरतात, असं आमच्याकडे मानतात. आसपासच्या पोडांवर हे येणारी ती शेवटचीच, आणि तिला दमा. चुलीच्या धुराने छाती खराब झाली, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि श्वासाने ओढायचा पंप दिला. तो पंप ती कमरेच्या पिशवीत, जडीबुटीच्या मुळ्यांसोबत ठेवते. ओढतेही वेळेवर. पण तिची हाक आखूड होत चालली होती, हे मला ऐकू येत होतं. कोणी शिकलं नाही तर ती हाक तिच्यासोबतच संपणार होती. मला फार राग आला. वाईट वाटण्याच्या आधी मला रागच येतो, स्वभावच तसा आहे.

"आत्या, तू कोनाले शिकवत काहून नाहीस?" मी विचारलं.

"कुठी शिकवू?" ती म्हणाली. "तुह्या डोक्यावर?"

प्रश्न खरंच जागेचा होता. आमच्या समजुतीप्रमाणे घराचे पितर चुलीमागे बसतात. ज्या घरात एका कुटुंबाची चूल पेटते, ते घर त्या कुटुंबाच्या पितरांचं. तिथे बसून दुसऱ्याच्या पितरांना बोलवायला शिकवलं तर घरचे रुसतात. अडल्यानडल्याला एखादी हाक ते चालवून घेतात, पण रोजची तालीम नाही. आत्याला शिकवणारा म्हातारा एकटा होता, ना बायको ना मूल. रानातल्या त्याच्या खोपटात चूलच नव्हती, बाहेर तीन दगड मांडून तो भाकर भाजायचा. तिथे आत्या शिकली. तो गेला, खोपट पडलं, आणि पोडावर कोणाचंच नसलेलं असं एकही घर उरलं नाही.

"मंग बांधू," मी म्हणाले.

"बांध," आत्या म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

तिला वाटलं, ही बोलून मोकळी होईल. मी दुसऱ्याच दिवशी पदर खोचला. नुसती शिकण्याची जागा कशाला, म्हटलं, लांबून येणाऱ्या माणसाला चार दिवस निवांत राहताही यावं. शिकायला दोघं तयार झाले. एक आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. तिचा आवाज असा की मैदानाच्या पार टोकाला खेळणारी पोरं ताट घेऊन धावत येतात. दुसरा काळी-पिवळी जीप चालवणारा, तोही पोडावरचाच. मी स्वतः शिकणार नव्हते. मी गायले की कोंबड्या उठून जातात.

राळेगावची माझी मैत्रीण हे ऐकून तणतणत आली. आम्ही दोघींनी एकाच दवाखान्यात नोकरी केली. ती बौद्ध घरातली. तिच्या आजोबांनी देव, अंगारे, उतारे सगळं एकदाच सोडलं ते सोडलंच.

"काय करून राह्यली तू?" ती दारातच म्हणाली. "आयुष्यभर सुया टोचल्या, अन आता भुतं नाचवतं?"

मी भांडायला उठणार तेवढ्यात आत्याने तिला बसायला घोंगडी टाकली आणि विचारलं, "तुले काय भेव वाटते, सांग." मैत्रिणीने सांगितलं. तिच्या आळीतली एक मुलगी कावीळ झालेली असताना उतारे करत घरातच ठेवली होती, दवाखान्यात फार उशिरा आणली. आत्याने मान हलवली. ताप, साप, बाळंतपण, आधी दवाखाना, मग पितर, हा नियम तिथेच ठरला. घर उभं राहील तेव्हा तो भिंतीवर आपल्या हाताने रंगवीन, असं मैत्रीण म्हणाली. पितरांवर तिचा विश्वास आजही नाही, आणि आम्हीही तिला त्रास देत नाही.

आता जागा. आमच्यात घराची जागा माणूस ठरवत नाही. संध्याकाळी जमीन सारवून ज्वारीचे दाणे जोडी-जोडीने मांडायचे, त्यावर पळसाच्या पानाचा द्रोण पालथा घालायचा आणि निघून यायचं. सकाळी जोड्या जागच्या जागी असल्या तर पितरांची हरकत नाही. दाणे विस्कटले, हरवले, तर दुसरी जागा बघायची.

मी आधी माझ्या वडिलांची रस्त्याला लागून असलेली जमीन दाखवली. जीप दारापर्यंत येईल, आजारी माणसाला चालावं लागणार नाही. सकाळी द्रोण उचलला तर दाणे चहूकडे.

"मुंग्या," मी म्हणाले.

"तुह्या बापाचे पितर," आत्या म्हणाली. "त्याइची जमीन आहे, ते कायले सोडतीन?"

पुढच्या वेळी चावडीमागची जागा घेतली. तिथे तर एकही दाणा उरला नाही. भोवती राखेचं कडं काढू, मुंग्या येणार नाहीत, असं मी सुचवलं. आत्याने मला असं काही सुनावलं की ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर म्हणाली, "आता एकच डाव. थो मुरमाड माळ आहे ना, तिथी पाहू. तिथी बी नाही म्हटलं, तं हे गोष्ट पुन्हा काढजो नोको."

ती बोलली ते पाळणारी बाई आहे. मी त्या दिवशी जेवले नाही. माळ तसा कोणाच्याच कामाचा नव्हता. कापूस येत नाही, सोयाबीन येत नाही, सगळ्यांच्या शेळ्या तिथे चरतात. संध्याकाळी आत्याने दाणे मांडले, द्रोण घातला. मी मनातल्या मनात पितरांना चांगलं दटावलं आणि घरी आले.

सकाळी अर्धं पोड माळावर. आत्याने खाली बसून द्रोण उचलला. दाणे हरवले नव्हते. वाढले होते. जोड्या सगळ्या होत्या, शिवाय आणखी जोड्या होत्या. आत्याची ज्वारी गावरान, बारीक, पांढरी. शेजारी संकरित ज्वारीचे टपोरे दाणे. आणि एका कडेला, छान सरळ मांडलेली, तुरीची एक जोडी.

मी आजूबाजूला पाहिलं, तर खिचडीवाली बाई जमिनीकडे बघतेय, जीपवाला आभाळाकडे, आणि पोडाचे नाईक, म्हणजे आमचे गावप्रमुख, जे आत्याला आयुष्यभर चिडवत आले, ते मिशी चोळतायत. पितरांच्या कामात हात घालायचा नाही, हे आमच्याकडे रांगणारं मूलही जाणतं. आणि या तीन मोठ्या माणसांनी, एकमेकांना न सांगता, तेच केलं होतं.

बाईनेच आधी तोंड उघडलं. पहाटे बघायला आले, म्हणाली, तर अंधारात दोन जोड्या मोडल्यासारख्या वाटल्या, म्हणून घरच्या ठेवल्या. नाईक म्हणाले, मी तिच्या आधी येऊन ठेवल्या, उगाच पितरांचा गैरसमज नको. जीपवाला म्हणाला, "मले वाटलं कमी आहेत. घरात ज्वारी नव्हती, म्हून तूर ठेवली."

मी का नाही ठेवले? सुचलं नाही म्हणून. नाहीतर मूठभर ठेवले असते.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. तिचा श्वास वाजत होता. "उलट झालं," ती म्हणाली आणि पोडाकडे वळली. म्हणजे पितरांचा कौल बिघडला, गोष्ट संपली. आता ही हाक कोणी शिकणार नाही, ही तिच्या छातीत आहे तिथेच विझणार, हे मला लख्ख दिसलं. मी धावत जाऊन तिच्या वाटेत उभी राहिले.

"आत्या, तूच म्हनलं होतं ना, कोनाचंच नसन असं घर पाह्यजे?"

"सर बाजूले."

"नाही सरत. त्या दान्याइकडे पाह्य. तुह्ये आहेत, नाईकाचे आहेत, हिचे आहेत, त्याचे आहेत. चार कुळं. आता कोनत्या घरचे पितर म्हनतीन का हे जागा आमची आहे? कोनी म्हनूच शकत नाही. अजून कसं पाह्यजे तुले कोनाचंच नसलेलं घर?"

आत्या थांबली. मी आणखी बोलणार होते, पण दवाखान्यात एक शिकले होते, औषध दिल्यावर जरा वाट पाहावी. ती परत फिरली, खाली बसली, दाणे तळहातावर घेऊन बोटाने वेगळे करत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पितर दाने नेतात. आनून ठेवलेले म्या कधी पाह्यले नाही."

"पितरांनी नाही ठेवले, आम्ही," नाईक म्हणाले.

"तुम्हाले कोनं उठवलं एवढ्या पहाटे?" आत्याने विचारलं. नाईक दहा वाजल्याशिवाय उठत नाहीत हे सगळ्या पोडाला माहीत आहे. लोक हसायला लागले. आत्या हसली नाही. तिने नाईकांना आणि बाईला घरासाठी एकेक खांब आणायला सांगितला, आणि तूर ठेवणाऱ्याला दोन.

आत्याशी भांडून मी आयुष्यात पहिल्यांदा जिंकले होते. मला इतका आनंद झाला की मी तिथेच, सगळ्यांसमोर, रडले.

कापसाची वेचणी उरकली होती, माणसं मोकळी होती. घर उभं राहिलं. बांबूच्या कुडाच्या भिंती, वर माती, टिनाचं छप्पर आणि उन्हाळ्यासाठी त्यावर गवत. एक मोठी खोली शिकणाऱ्यांची, दोन लहान खोल्या मुक्कामाला येणाऱ्यांच्या. आत चूल नाही. आत्याला पितरांसाठी नको होती, मला तिच्या छातीसाठी नको होती, त्यामुळे या एका गोष्टीवर आमचं भांडण झालं नाही. स्वयंपाक बाहेर, तीन दगडांवर. मैत्रीण रंगाचा डबा घेऊन आली आणि तिने दारालगतच्या भिंतीवर नियम रंगवला, अक्षरं एवढी मोठी की रस्त्यावरून वाचता यावीत.

मग तालीम सुरू झाली, म्हणजे शिव्या सुरू झाल्या. आत्या एक हाक घालायची, दोघांनी परत घालायची. श्वास तुटला की पुन्हा. जीपवाल्याला विडी सोडावी लागली. बाईचा दम मोठा, पण ती पितरांना पोरांसारखं बोलवायची. "जेवाले नाही बलावून राह्यली तू त्याइले," आत्या ओरडायची. मग तिलाच खोकला यायचा, पंप ओढायची आणि पुन्हा ओरडायची. मी बाहेर भाकरी भाजत हे सगळं ऐकायचे. वर्षभरात बाईची हाक लांबली, जीपवाल्याची स्थिर झाली. चांगलं झालं असं आत्या एकदाही म्हणाली नाही. नुसती पुढची हाक सांगायची.

यंदा उमरखेडकडची एक शेतकरी बाई आली. तिची बहीण गेल्यापासून ती बोलायची बंद झाली होती. डॉक्टर झाले होते, गोळ्या चालू होत्या, त्या चालूच ठेवायला मी सांगितलं. नेमकी त्याच आठवड्यात आत्याची छाती भरली. हाक सोडा, वाक्य पुरं होईना. बाहेर पळसाच्या सावलीत खाटेवर ती पडून होती. दोघं शिष्य माझ्याकडे बघायला लागले.

"माह्याकडे काय पाहता?" मी म्हणाले. "जा आत."

गेले. खिचडीवाल्या बाईने एका दमात हाक उचलली, जीपवाल्याने खालच्या सुरात धरली. मी आत्याच्या खाटेजवळ उभी होते. एक जागा अशी आहे की जिथे आत्याचा स्वतःचा श्वास अलीकडे हमखास तुटायचा. ती जागा आली. बाई त्यावरून अलगद पुढे गेली. आत्याने डोळे मिटून घेतले. आत उमरखेडच्या बाईने बहिणीचं नाव घेतलं, मोठ्याने, आणि मग ती बोलतच राहिली.

चार-पाच दिवस ती राहिली. रोज सकाळी उन्हात आत्याच्या खाटेशेजारी बसायची, दोघी न बोलता भाकर खायच्या. निघायच्या दिवशी तिने शिष्यांच्या पाया पडून घेतलं, माझा हात धरला. मग खाटेकडे वळून आत्याला म्हणाली, "आजी, तुमीबी इथं बरं व्हायलाच आलाव का?"

मी घाईघाईने सांगायला गेले की अगं, हे सगळं हिचंच. आत्याने हात वर करून मला गप्प केलं.

"हो माय," ती म्हणाली. "मले आता लय बरं आहे."