शेवटची ओळ येईपर्यंत

आमच्या आत्याचं बोलणं म्हणजे तारेचा मजकूर. "आलास? बस. बोल." एवढ्यात तिचं आगतस्वागत उरकतं. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचा कॉम्प्युटर प्रोग्राम तिने लिहिला होता. आतल्या खोलीतल्या यंत्रांचे आकडे तो गोळा करी आणि बाहेर काउंटरवरच्या पडद्यावर त्यांचा तक्ता मांडी.

काउंटरवरच्या गृहस्थांना सगळे 'पुढचे' म्हणत, कारण दिवसभर ते तेवढंच पुकारत. त्याखेरीज काही बोलायचं झालं, तर सुरुवात ठरलेली, "म्हणजे कसंय मॅडम."

पूर्वी जसजसे आकडे येत, तसतशी एकेक ओळ पडद्यावर उमटे. पुढच्यांना ते भारी आवडायचं. समोर रेलून उभ्या माणसाला ते सामन्याचं धावतं वर्णन ऐकवत, "साखर, नॉर्मल. हिमोग्लोबिन, नॉर्मल. चला, कोलेस्टेरॉलही वाचलं." असंच एकदा एक आजोबा चार नॉर्मल ऐकून खुशीत निघून गेले. पाचवी ओळ ते जिना उतरल्यावर आली. फोन करून बोलावलं, तर हसतहसत परत आले. "छत्री राहिली का माझी?"

त्या दिवशी आत्या जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने प्रोग्राम बदलला. आता आकडे आतल्या आत साठत; पडद्यावर नुसती सरकणारी पट्टी आणि तिच्याखाली 'निकाल जमा होत आहेत'. शेवटचा आकडा आला की मगच तक्ता उघडायचा, सगळाच्या सगळा.

"म्हणजे कसंय मॅडम, लोक कंटाळतात," पुढचे कुरकुरले. "वर अक्षर बारीक. मुंग्या चालल्यासारख्या दिसतात."

"बघू," आत्या म्हणाली. अक्षर काही वाढलं नाही.

मग बाबांचे पाय सुजायला लागले. ते म्हणत, बूट आखडलेत. चेहराही सुजला, तेव्हा मात्र बूट कामी आले नाहीत. आत्याने या थोरल्या भावाला जवळजवळ ओढतच प्रयोगशाळेत नेलं. सकाळी रक्त दिलं आणि दुपारी आम्ही काउंटरशी निकालाला बसलो.

पट्टी सरकत होती. आत्या पडद्यामागे उभी होती, ओठ घट्ट मिटून.

पुढचे हळूच म्हणाले, "म्हणजे कसंय मॅडम, प्रोग्राम तुमचाच. जेवढं आलंय तेवढं आत शिरून बघा की. कोण विचारतंय?"

"नको."

"भाऊ आहे तुमचा."

"म्हणूनच. बघितलेलं तोंडावर दिसतं."

बाबांनी ऐकलंच. "तिचं खरं आहे हो. पत्ते खेळताना हिच्याकडे राणी आली की भुवई आधी सांगायची." मग तिला म्हणाले, "बुटके, इकडे येऊन बस. तू उभी राहिलीस म्हणून पट्टी पळणार आहे का?"

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. रांगेत माणसं उभी होती, पण पुढच्यांनी कोणाला पुकारलं नाही.

तक्ता उघडला. स्वतः न बघता आत्याने पडदा बाबांकडे वळवला.

बाबांनी डोळे बारीक केले. "खरंच मुंग्या आहेत गं. वाईट असलं, तरी नीट वाचता तरी येऊ दे."

आत्याने अक्षर वाढवलं. आणखी वाढवलं. एवढं मोठं झालं की खालच्या ओळी पडद्याबाहेर गेल्या. बाबा बोट लावून वाचू लागले, थेट पुढच्यांच्या चालीत, "साखर, नॉर्मल. हिमोग्लोबिन… हे जरा कमी. सरकव खाली." शेवटची ओळ लाल होती. तिथे त्यांची चाल मोडली.

"हे कशाचं?"

"किडनीचं."

"किती हवं?"

"एकाच्या आसपास."

पडद्यावर सहाच्या वर होतं. बाबा तिच्याकडे वळले. "आधी बघितलं नव्हतंस ना?"

"नाही, दादा. तुझ्याबरोबरच."

त्यांनी माउसवरच्या तिच्या हातावर आपला सुजलेला हात ठेवला. "मग आता पुढचं सांग."

हल्ली बाबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात, आणि दर महिन्याला त्या काउंटरसमोर बसतात. आत्या शेजारी असते. अक्षर तिने त्या दिवशी केलं तेवढंच ठेवलंय, सगळ्यांसाठी.

"म्हणजे कसंय मॅडम," पुढचे अजून म्हणतात, "आता पडद्यावर तीनच ओळी मावतात."

"सरकवा," आत्या म्हणते.